पुन्हाताईचं तिसरं पत्र

मी एक जुना तराजू आहे. भाजीवाल्याचा नव्हे हं, मित्रांनो! मी रसायनशाळेतला, काचेच्या पेटीत बसणारा. ज्या म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं, त्याने माझ्या पारड्यात पापणीचा एक केस ठेवून माझी परीक्षा घेतली होती. काटा हलला आणि म्हातारा खुदकन हसला.

त्यानंतर तीस वर्षं मी एका कॉलेजात काढली. तिथे प्रयोग शिकवणाऱ्या बाई रोज सकाळी मऊ कुंचल्याने माझी धूळ झाडत. वर्गात व्याख्यानं देत ते विभागप्रमुख सर. सरांची पुस्तकं दूरदूरच्या विद्यापीठांत शिकवली जात.

एका वर्षी शेवटच्या वर्गातली एक मुलगी माझ्यासमोर येऊन बसू लागली. प्रत्येक वजन घेतलं की म्हणायची, "पुन्हा एकदा बघू." मैत्रिणींनी तिचं नावच पुन्हाताई पाडलं. आपल्या प्रकल्पासाठी तिने दोन महिने माझ्यावर मातीचे नमुने तोलले. काम संपत आलं, तेव्हा खात्री करायला म्हणून तिने डाव्या पारड्यातलं उजव्यात आणि उजव्यातलं डाव्यात ठेवलं. वजन तेच यायला हवं होतं. आलं नाही. कधीतरी टेबल सरकवताना बसलेल्या धक्क्याने माझी दांडी जागची हलली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बाईंकडे गेली. "बाई, माझे दोन महिन्यांचे आकडे चुकलेत."

"कोण म्हणतं?"

"तराजूच म्हणतोय."

बाईंनी स्वतः तोलून पाहिलं. "प्रकल्प द्यायला तीनच आठवडे उरलेत गं. आता काय करणार?"

"पुन्हा," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. बाईंनी मला दुरुस्त करेपर्यंत ती रडली. मग डोळे पुसून तिने पहिला नमुना उचलला. निम्मेच नमुने झाले. गुणही बेताचेच पडले.

पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरायची वेळ आली. तीन शिक्षकांची शिफारसपत्रं हवी होती. दोन मिळाली. तिसरं विभागप्रमुख सर द्यायला तयार होते. "मजकूर तू लिहून आण, मी सही करतो," ते म्हणाले होते.

ती कागद घेऊन माझ्याशेजारी बसली. 'हुशार, मेहनती, होतकरू' एवढं लिहून पेन चावत राहिली. मग सगळं खोडून उठली.

"बाई, तुम्ही पत्र द्याल?"

इतक्या वर्षांत बाईंकडे कुणी पत्र मागितलं नव्हतं. त्या गडबडल्या. "वेडी आहेस का? या इमारतीबाहेर मला कुत्रं विचारत नाही!"

"माझा दादाही तेच म्हणतो, मोठ्या माणसाचं घे. पण सरांनी मला हजेरीपटात पाहिलंय, बाई. तुम्ही इथे पाहिलंय."

"मी लिहिलं तर ते चुकलेले आकडेही लिहीन हं."

ती घुटमळली. त्या आकड्यांपायीच गुण गेले होते. "लिहा," ती म्हणाली.

बाई चार दिवस लिहीत होत्या. कुठल्या दिवशी काय बिघडलं, मग तिने काय केलं, सगळं तारीखवार. शेवटी लिहिलं, 'हिचे गुण का कमी आहेत, हे मला ठाऊक आहे. त्या तीन आठवड्यांत मी हिच्याकडून शिकले.'

दोन महिन्यांनी पुन्हाताई धापा टाकत आली. "बाई, प्रवेश मिळाला! मुलाखतीत अर्धा तास नुसतं तराजूबद्दल विचारत होते!" सरांनीही जिना उतरून येऊन तिची पाठ थोपटली. "योग्य माणूस निवडलास," ते म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस!

आता माझ्या जागी आकडे दाखवणारं यंत्र आलंय आणि मी खिडकीत आहे. मित्रांनो, आम्हा जुन्या तराजूंना धक्का लावू नका. आणि पत्र मागायचं झालं, तर ज्यांच्यासमोर तुम्ही घाम गाळलात, चुकलात, सावरलात, त्यांच्याकडे जा. जरा लवकर जा. मनापासून लिहायला वेळ लागतो.

यंदा बाईंकडे पाच मुलांनी पत्रं मागितली आहेत. "हात मोडला माझा!" असं त्या दिवसभर कुरकुरतात आणि हसत हसत पुढचा कागद ओढतात.