सैल केलेल्या चार तारा

मी एक जुनी काळी तबकडी आहे, मित्रांनो, आणि माझ्या कव्हरच्या पाठीवर एक खोटे छापलेले आहे. पन्नास वर्षे ते मी वागवते आहे. आता बोलते, कारण ते खोटे दुरुस्त झाले असे लोक सांगत फिरतात, आणि तेही पुरते खरे नाही.

माझ्यात बारा धुना आहेत, बारा वादकांच्या. सगळे हवाई बेटांवरचे, सगळे गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवणारे. डाव्या हातात पोलादाची कांडी असते, ती तारांवरून सरकवायची. मग सूर एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत नाही, चालत जातो. बारांपैकी अकरा नावे बरोबर आहेत. सहाव्या धुनेपुढे 'मॅनी काउई' असे छापले आहे. मॅनीने ती धून वाजवलेली नाही. त्या दिवशी त्याला डाव्या हातात चमचासुद्धा धरता येत नव्हता.

धून वाजवली नोहेआने. त्या दिवसाची हकिकत ती घरी इतक्या वेळा सांगायची की मला पाठ झाली आहे.

मॅनीचा होनोलुलूच्या एका हॉटेलात वाद्यवृंद होता. दिसायला देखणा, केसांना तेल, गळ्यात फुलांची माळ. माझ्या कव्हरवर त्याचाच फोटो आहे, कारण बाकीच्या अकराजणांपेक्षा तो जास्त विकला जाईल असे कंपनीला वाटले. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी तो मासे मारायला गेला आणि गळ स्वतःच्याच डाव्या तळहातात रुतवून आला. दुसऱ्या दिवशी हाताला हे एवढे फडके. तासाभरासाठी घेतलेली खोली, वादक बसलेले, यंत्रावरचा माणूस घड्याळ बघतोय. नोहेआ तेव्हा तेवीस वर्षांची होती. नुकतेच लग्न झालेले. ती मॅनीच्या वाद्यवृंदात छोटी उकुलेले वाजवत मागच्या रांगेत बसायची.

"नोहेआ, तुझ्या बापाने शिकवलंय ना तुला? चल, बस," मॅनी म्हणाला.

"नाव कुणाचं लागणार?"

"कव्हर छापून झालंय गं. पुढच्या खेपेला बदलू."

"मग पुढच्या खेपेला फोटो पण माझाच लाव. तुझ्यापेक्षा बरी दिसते मी."

सगळे हसले, मॅनीही हसला. पुढे माझ्या दोन खेपा निघाल्या. नाव तेच राहिले.

आता नीट ऐका, कारण सगळे पुढच्या गोष्टीवर अवलंबून आहे. नोहेआच्या घराण्यात तारांची जुळणी वेगळी होती. कोणती तार किती ताणायची हे तिच्या आजोबांनी अळूच्या खाचरात काम करता करता बसवले होते, आणि ते घराबाहेर जायचे नाही असा नियम होता. बेटांवर अशी घराणी पुष्कळ होती. म्हणून वाजवून झाल्यावर गिटार तशीच ठेवून उठायचे नाही. आधी खुंट्या पिळून तारा सैल करायच्या, मग उठायचे. नाहीतर कुणीतरी सहज येतो, तारांवरून एकदा बोट फिरवतो आणि दोन पिढ्यांचे गुपित खिशात घालून जातो.

नोहेआने धून वाजवली. शेवटचा सूर हळूहळू विरत गेला. लाल दिवा विझेपर्यंत कुणी हलायचे नाही, असे सांगितलेले होते. पण लहानपणापासूनची सवय. गुपित ज्या चार तारांत होते त्यांच्या खुंट्यांवर तिचा हात आपोआप गेला. एक तार सैल झाली, दुसरी, तिसरी, चौथी. चार घसरते, गुरगुरते आवाज, आणि मग खुर्ची मागे सरल्याचा आवाज. तेव्हा कुठे यंत्रावरच्या माणसाने यंत्र बंद केले.

"राहू दे," तो म्हणाला. "कुणाला कळतंय." त्याला जेवायला जायचे होते.

पुढे समुद्रापलीकडच्या कारखान्यात दोन तापलेल्या साच्यांमध्ये काळ्या गोळ्याला दाबून मला घडवले. कडा कापली, कव्हरात घातले आणि बोटीने परत बेटांवर पाठवले. मी हिलो गावातल्या दुकानात आले. पहिल्याच आठवड्यात एका शिक्षकाने मला विकत घेतले आणि तीन दिवसांनी परत आणून दिले. माझ्यावर चिठ्ठी होती : 'सहाव्या धुनेच्या शेवटी बिघाड.'

बिघाड! माझ्यावर एक ओरखडा नव्हता. एका बाईचे हात काम संपवून आवराआवर करत होते, त्याला हा शिकलेला माणूस बिघाड म्हणाला. दुकानदाराने ऐकूनसुद्धा पाहिले नाही. त्याने मला खराब मालाच्या खोक्यात टाकले, तडे गेलेल्या आणि उन्हाने वाकलेल्या तबकड्यांबरोबर. तिथे मी पावसाळाभर पडून होते, आणि हिलोत पावसाळा संपत नाही.

त्या खोक्यातून मला उचलले एलियाने. एलिया नाकोआ, साखर कारखान्यात बॉयलर दुरुस्त करणारा, नोहेआचा नवरा; होनोलुलू सोडून ती त्याच्याबरोबर हिलोत राहायला आली होती. जिने वाजवले तिला कंपनीने एक प्रतसुद्धा दिली नव्हती. त्याने मला घरी नेऊन लावले. सहावी धून झाली, चार तारा सैल झाल्या, आणि तो मोठ्याने हसला.

"मॅनीच्या हाताला कधीपासून गं ही सवय?"

"गप बस आणि हात धू," नोहेआ म्हणाली. "मासा गार होतोय."

ती धून गाजली. मॅनी जाईल तिथे लोक ती मागायचे आणि तो म्हणायचा, "आज हात दुखतोय." चाळीस वर्षे त्या माणसाचा हात दुखत होता. मान्य करायला एक वाक्य पुरले असते. ते न बोलताच तो मेला आणि त्याच्या अंत्यविधीला माझ्यासारखीच एक तबकडी लावून लोक रडले. मला त्याची दया येत नाही.

नोहेआ कुणी विचारले तर म्हणायची, "नावाचं काय करू, लोणचं घालू?" पण मला फळीवर ठेवताना ती माझी पाठ नेहमी भिंतीकडे करायची.

ती लग्नांत वाजवायची, चर्चमध्ये वाजवायची, आणि रोज संध्याकाळी घरी वाजवायची. एलिया बाहेर ओट्यावर बसलेला असे. धून संपली की चार तारा सैल व्हायच्या, खुर्ची मागे सरायची, आणि ती आत जाऊन पोई, म्हणजे अळूच्या कंदांचा लगदा, आणि भात वाढायला घ्यायची. जुळणी तिने मुलीला, मोआनीला शिकवली. नवऱ्याला नाही.

"अठ्ठेचाळीस वर्षं झाली लग्नाला," एलिया एकदा म्हणाला. "निदान एक तार तरी सांग."

"तू झोपेत बडबडतोस. उद्या अख्ख्या हिलोला कळेल."

मग तिच्या पोटात गाठ निघाली आणि चार महिन्यांत सगळे संपले. याहून जास्त मला त्याबद्दल सांगता येत नाही.

त्यानंतर एलिया मला रोज लावू लागला. पण धून ऐकायचा नाही. सुई अगदी शेवटच्या खाचांवर ठेवायचा. धून सगळ्यांची होती, हॉटेलातल्या पाहुण्यांची, लग्नातल्या वऱ्हाडाची. तारा सैल करून खुर्ची मागे सारणे मात्र फक्त घरचे होते. तेवढे ऐकायचा, सुई उचलायचा आणि उठून स्वतःचा भात टाकायचा.

दोन वर्षांनी होनोलुलूहून ग्लेन तोकुनागा नावाचा तरुण आला. कंपनी मला नव्या रूपात काढणार होती. मूळ फिती ओल लागून खराब झाल्या होत्या, म्हणून तो चांगल्या प्रती शोधत हिंडत होता. येताना गरम मलसाड्यांचा, साखरेत घोळवलेल्या तळलेल्या गोळ्यांचा, खोका घेऊन आला होता. मुलगा वाईट नव्हता. वाईट नसलेल्या माणसांनीच माझे जास्त नुकसान केले आहे.

"नेऊ देतो," एलिया म्हणाला. "पण आधी सहावं नाव बदल. ते माझ्या बायकोने वाजवलंय."

"अंकल, रागवू नका, पण प्रत्येक गावात एक अंकल मला असंच काहीतरी सांगतो. कागद आहे का काही? फोटो?"

"कागद असता तर तुझी वाट बघत बसलो असतो का?"

एलियाने मला लावले आणि शेवट ऐकवला. ग्लेनने मान हलवली. "हा आवाज माहितीये मला. सगळ्या प्रतींत आहे. काळजी करू नका, आमचा माणूस तो काढून टाकेल. नाहीतर लोक बिघाड समजून परत करतात."

"केली होती ना एकाने परत. म्हणून तर मला मिळाली."

मोआनी तिथेच होती. ती टपाल कचेरीत नोकरीला आहे, आईसारखीच रोखठोक बोलते. तिने आतून आईची गिटार आणली, दोघांकडे पाठ करून बसली आणि तारा जुळवल्या. काय करते आहे ते तिने खांद्याआड झाकून ठेवले. मग धुनेचा शेवटचा तुकडा वाजवला आणि खुंट्या पिळल्या. एक, दोन, तीन, चार. तोच क्रम, तीच घसरण, शेवटच्या तारेची तीच गुरगुर. ग्लेनने पुन्हा मला ऐकले, पुन्हा तिला ऐकले. तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्याने हातातला मलसाडा खाली ठेवला.

"मॅनी अंकल असं करायचे नाहीत?"

"त्यांची जुळणी सगळ्या बेटाला ठाऊक होती," मोआनी म्हणाली. "त्यांना लपवायला होतं काय?"

"आणि ही कुठली जुळणी? नव्या तबकडीबरोबरच्या पुस्तिकेत छापू या का?"

"आईने पापाला सांगितली नाही. तुला सांगेन होय?"

एलिया हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हसताना ऐकले. मग तो गंभीर होऊन म्हणाला, "नाव लाव. आणि तो आवाज आहे तसाच राहू दे."

"हो अंकल. नक्की."

हे मी माझ्या दोन्ही बाजूंनी ऐकले आहे.

होनोलुलूला मला धुतले, पुसले, नव्या यंत्रावर ठेवले. यंत्रावरचा माणूस जाणकार होता. सहाव्या धुनेला त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "हा हात कुणाचा आहे, कमाल आहे." मला बरे वाटले. मग शेवट आला.

"आणि हा कचरा?"

"तो ठेवायचाय," ग्लेन म्हणाला. "म्हातारेबुवा म्हणाले तसं."

"ठेवला तर लोक आपल्याला हसतील. त्यांच्या बाईचं नाव लावलंस ना? मग झालं की."

ग्लेनने नावांची यादी पुन्हा एकदा पाहिली. "बरं, काढ," म्हणाला.

एका बोटाचे काम. तितकेच. ज्या आवाजाने तिला तिचे नाव मिळवून दिले, तोच आवाज त्यांनी केर म्हणून झाडून टाकला. मी ओरडले असते, पण सुईशिवाय मला तोंड नाही.

मला परत हिलोला पाठवले, आणि महिन्याभराने नवी चकचकीत तबकडी आली. तळहाताएवढी. एलियाने चष्मा लावला आणि नाव वाचले : नोहेआ नाकोआ. त्याने त्यावरून अंगठा फिरवला. मोआनीने सहावी धून लावली. सुरेख वाजली, मी नाकारत नाही. शेवटचा सूर विरला. एलिया मान कलती करून बसून राहिला.

"संपलं, पापा."

"थांब जरा."

ती थांबली. पत्र्यावरच्या पावसाशिवाय काही ऐकू येत नव्हते.

"नाव बरोबर आलंय," तो म्हणाला. "पण ती उठली नाही."

मोआनीने रागाने ग्लेनला फोन लावला आणि बापाच्या हातात दिला. पलीकडून ग्लेन सांगत होता, "अंकल, खूप लोकांनी कौतुक केलंय हो. किती स्वच्छ झालंय म्हणतात."

"झालंय खरं," एलिया म्हणाला. "घरातली माणसं गेली की घरही स्वच्छच राहतं." आणि त्याने फोन मुलीकडे परत दिला.

मित्रांनो, तुमच्याही हाती कधीतरी जुन्या वस्तू येतील आणि त्या नीटनेटक्या करायची तुम्हाला हौस येईल. धूळ खुशाल पुसा. पण जे समजत नाही त्याला लगेच बिघाड म्हणू नका. घरात विचारायला माणूस असेल तर त्याला विचारा, आणि विचारल्यावर त्याने जे सांगितले ते ऐका. विचारून न ऐकणाऱ्यांचा मला जास्त संताप येतो.

मोआनीने माझा शेवट आपल्या फोनमध्ये उतरवून घेतला आहे. बरे केले. पण एलियाला तो फोनमध्ये नको, खोलीत हवा. सुई फिरली की खाच झिजते हे त्याला ठाऊक आहे, म्हणून आता तो मला रोज लावत नाही. फक्त रविवारी, चर्चहून आल्यावर. तरी झीज थांबत नाही. पहिल्या तारेचा आवाज आता माझा मलाच नीट ऐकू येत नाही. तीन तारा अजून शाबूत आहेत, आणि खुर्ची आहे. तेवढ्याला कुणी हात लावू नका.