झऱ्याला वाट देणारी पहार

मित्रांनो, गरम झऱ्याच्या कुंडामागच्या खोलीत जी गंजलेली पहार टेकून उभी आहे, ती मीच. लोहाराने मला एकाच कामासाठी घडवले. झऱ्याचा चर मोकळा ठेवायचा.

झऱ्याचे पाणी दिसायला नितळ, पण त्यात जमिनीखालचा चुना विरघळलेला असतो. वर येऊन पाणी निवले की तो चुना दगड होऊन बसतो. चरात वर्षाला बोटभर थर चढायचा. म्हातारे राखणदार दर आठवड्याला तो माझ्या टोकाने फोडायचे. पुढे पाणी उताराने जाई आणि पांढऱ्याशुभ्र पायऱ्या बांधत जाई. माझ्या डोळ्यांदेखत त्या गुडघ्यापासून कमरेपर्यंत वाढल्या.

राखणदारांनंतर त्यांची लेक कामावर आली. सगळे तिला ताई म्हणत. एका वर्षी झऱ्याचे तोंडच आतून बुजले. पाणी जमिनीखालून सरकले आणि झऱ्याशेजारच्या, राखणदारांनी सांभाळलेल्या स्नानगृहाची फरशी तडकून वाफ येऊ लागली. गवंड्याने भेगेत सिमेंट ओतले.

"ताई, आता पाणी डोकं वर काढत नाही!"

"दादा, इथून नाही तर दुसरीकडून काढेल. त्याला वाट द्यायला हवी."

कोणी मनावर घेतले नाही. मलाही अडगळीत टाकले.

पंधरवड्यात शेजारच्या बालवाडीची फरशी तापली. गवंड्याची धाकटी तिथेच होती. मुले बाहेर काढली. ताईंनी मला उचलले आणि ते सिमेंट फोडायला घेतले.

गवंडी धावत आला. "एकटीनं होणार आहे का हे?"

"नाही. घमेलं उचला."

अकरा दिवस आम्ही खणत होतो. ताईंच्या तळहातांना फोड आले, माझे टोक बोथट झाले. शेवटच्या घावाला पाणी उसळले. मी चटका बसण्याइतकी तापले, तरी ताईंनी ओल्या फडक्याने मला धरून ठेवले. पाणी नव्या चराने मोकळ्या उतारावर धावले. तिसऱ्या दिवशी बालवाडी थंड झाली.

पाणी आता स्नानगृहाच्या फरशीतूनच वर येत होते, म्हणून ते मात्र सोडावे लागले. वडिलांची जागा म्हणून ताई खूप रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी खाली नवे कुंड बांधून घेतले. आज त्या उतारावर सहा नव्या पायऱ्या आहेत.

मित्रांनो, ताई आता थकल्या. दोन महिने चराकडे कोणी फिरकलेले नाही. झरा त्याचे काम थांबवत नाही, आपणही थांबवू नये. थर मऊ आहे तोवर या. मी जड आहे, दोघे मिळून धरा.