पोटची

जनाबाई भट्टीशेजारी येऊन टेकली तेव्हाच शकुनबाईनं ओळखलं, की ही काही बाजाराला आलेली नाही. अड्याळचा बाजार ऐन भरात होता, गिऱ्हाइकं मुरमुऱ्यासाठी खोळंबली होती, आणि ही सख्खी धाकटी बहीण दिघोरीहून एसटीनं येऊन रिकामी पिशवी चाळवत बसली होती. ललिताला दवाखान्यात ठेवल्यापासून हिनं इकडे पाऊल टाकलं नव्हतं. पोरीचं नावसुद्धा टाकलं होतं.

"बोल," शकुनबाई कढईतली वाळू परतत म्हणाली. "हात रिकामे नाईत, कान रिकामे आहेत."

जनाबाईनं सांगितलं ते असं. तिच्या शेवटच्या मुलीला, मंदाला, आमगावकडचं स्थळ आलं होतं. मुलगा मास्तर. सगळं जमत आलं, आणि कोणीतरी पाहुण्यांच्या कानात फुंकलं, की या घरची एक मुलगी महारोग्यांच्या दवाखान्यात आहे. आता पाहुणे खुलासा मागत होते.

खुलासा तसा सोपा होता आणि तोच नको होता. ललिता जनाबाईचीच तिसरी मुलगी. शकुनबाईची कूस उजवली नाही. नवस झाले, उपास झाले, भगताचे अंगारे झाले. शेवटी जनाबाईनं बारशाच्या दिवशी पाच बायांसमोर लेकरू बहिणीच्या ओटीत घातलं. ओटीत घातलेलं परत मागायचं नसतं, हे म्हाताऱ्यांनी दोघींनाही बजावलं होतं. शकुनबाईनं आणि तिच्या नवऱ्यानं, तुलारामनं, ती पोर तळहाताच्या फोडासारखी जपली. पण गावाची जीभ मोठी वाईट. पोरगी शाळेत पहिली आली, की जनाबाईवर गेली. कोणाची बिबे-बोरं तोडून आणली, की शकुनबाईचे लाड. माय म्हणून कौल शकुनबाईला कोणी दिला नाही.

ललिता भट्टीवरच वाढली. चौदा-पंधराची झाली तशी ती तापलेल्या कढईचा कान नुसत्या हातानं धरून उतरवू लागली. हूं नाही की चूं नाही. शकुनबाईला केवढा अभिमान! बाजारभर सांगत सुटली, की पोरीचा हात पाहा, भट्टीवाल्याच्या घरी जन्म घेतलेली शोभते. बायकांना बोलावून मुद्दाम दाखवायची. गावात तपासणीला आलेल्या डॉक्टरनं त्याच हाताला सुई टोचली आणि ललिताला काही कळलं नाही, तेव्हा तो अभिमान घशातच अडकला. तोवर दोन बोटं वाकली होती.

तेव्हापासून ललिता नागपूरच्या पुढच्या दवाखान्यात राहत होती. शकुनबाई जमेल तशी जाई. पोरीची जेवणाबद्दल तक्रार नव्हती, गोळ्यांबद्दल नव्हती. एकच विचारणं असे, की दिघोरीची माय काहून येत नाही. जन्म कोणी दिला हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. शकुनबाईनंच सांगितलं होतं. बाजारातून कळण्यापेक्षा घरातून कळलेलं बरं. मागच्या खेपेला मात्र पोरगी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जिनं पोटात ठेवलं तिलेच माही किळस आली, तर मंग मी बरी कोणासाठी होऊ?" नर्सबाईनं बाहेर बोलावून सांगितलं, की ती गोळ्या घेत नाही, थुंकून टाकते. असंच चाललं तर बाकीची बोटंही जातील.

"मले काय करा लागते?" शकुनबाईनं जनाबाईला विचारलं.

"पाहुण्याइच्या समोर येऊन सांग, ललिता तुह्याच पोटची म्हणून." जनाबाईनं मान वर केली नाही. "हा रोग बापाच्या वंशातून येते म्हणतात. मंग आमच्या घरावर कोणी बोट ठेवणार नाई."

काय म्हणावं या बाईला! जो शब्द ऐकायला शकुनबाईचा जीव इतकी वर्षं आसुसला होता, तो शब्द आला तो असा, पोरीची बोटं वाकल्यावर. तिला हसू आलं आणि रडूही आलं. गिऱ्हाईक ओरडलं तेव्हा ती भानावर आली, आणि मग तिनं सौदा केला. सांगीन म्हणाली, पण मंदाचं लग्न झालं की तू माझ्यासंगं दवाखान्यात यायचं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवायचा, एकदाच. जनाबाईनं भट्टीतल्या विस्तवाची शपथ घेतली.

तुलारामला हे पटलं नाही. वंशाची त्याला फिकीर नव्हती. त्याच्यामागे होतंच कोण? तो फक्त एवढंच म्हणाला, "तोंडातून गेलेला शब्द परत गिळता येत नाई, पाहा." शकुनबाई म्हणाली, गिळायचा कोणाला आहे? पोरीनं गोळी गिळली म्हणजे झालं.

दिघोरीत पाहुणे बसले. मुलाचे काका मारोतराव, चांगले पोक्त गृहस्थ. त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं आणि शकुनबाईनंही तसंच सांगितलं, "माह्याच पोटची." तेवढ्यावर भागलं असतं. पण पाहुण्यांतल्या एका म्हातारीनं बाळंतपण कसं झालं असं सहज विचारलं, आणि शकुनबाई सांगू लागली. कळा दोन दिवस चालल्या. लेकरू पायाळू. सुईण चंद्रभागाबाईनं आशा सोडली होती. बाज धरून धरून हाताची सालटी निघाली. सगळं खरं होतं. त्या बाजेच्या उशाशी शकुनबाई बसली होती आणि कळा जनाबाईच्या होत्या. जनाबाई दाराआड उभी राहून स्वतःचंच बाळंतपण ऐकत होती. बैठकीत चहा फिरवणाऱ्या शेजारच्या टेकचंदसकट सगळं गाव खाली मान घालून बसलं होतं. गावच्या पोरीचं लग्न मोडणाऱ्याचं तोंड कोणी पाहत नाही, त्यामुळे खोटं पचलं.

फार चांगलं पचलं. म्हातारीनं हळूच आपली सतरंजी शकुनबाईपासून ओढून घेतली. पंगत बसली तेव्हा शकुनबाईचं पान बाहेर छपरीत मांडलं होतं. जनाबाई वाढायला आली ती वाकलीच नाही, वरूनच भात टाकला. "पाहुणे पाहून राहिले ना, बाई," ती पुटपुटली. शकुनबाई जेवली. अन्नावर राग काढायची तिला सवय नव्हती.

लग्नाला येऊ नको असा निरोप आला, तोही तिनं पचवला. मंदा सासरी गेली. मग एक दिवस शकुनबाई भट्टी बंद ठेवून दिघोरीला गेली आणि म्हणाली, चल. जनाबाई चुलीपुढून उठली नाही. बराच वेळ रडली. ते रडणं खोटं होतं असं म्हणवत नाही. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "कोणत्या नात्यानं येऊ, बाई? कोणी पाहिलं तर मंदाले परत धाडतील. तूच तर चारचौघात सांगतलं, ललिता तुह्या पोटची म्हणून."

शकुनबाईनं तिला विस्तवाच्या शपथेची आठवणसुद्धा करून दिली नाही. काय उपयोग? एक पोर वाचवायला दुसरी बुडवणाऱ्या माईला शपथेची भीती घालून कोणी उठवू शकत नाही. ती आल्या पावली परत फिरली.

दवाखान्यात ती एकटीच गेली. वाटेत सतरा बहाणे जुळवले, दिघोरीची माय आजारी आहे, धानाची रोवणी आहे, आणि एकही खरा वाटेना. ललिता झाडाखाली बसली होती. तिनं मायला पाहिलं आणि चक्क हसली. नर्सबाई जाता जाता म्हणाली, की दहा-पंधरा दिवसांपासून पोरगी गोळ्या नीट घेते आहे. शकुनबाईला काही उमगेना.

दिघोरीचा टेकचंद आला होता, ललिता सांगू लागली. त्याच्याही पाठीवर चट्टा निघाला, घरी न सांगता दाखवायला आला. त्यानंच सांगितलं, की शकुनबाईनं भर बैठकीत काय सांगितलं ते.

"खरं का व, माय? मी तुह्याच पोटची?"

नाही म्हणावं, तर जन्म देणारीनंच पाठ फिरवली हे दुःख पुन्हा पोरीच्या उशाशी येऊन बसणार. हो म्हणावं, तर जनाबाईनं बाजेवर सोसलेलं सगळं पुसलं जाणार, आणि कधी काळी ती आलीच तर तिला ओळखायला कोणी उरणार नाही.

"हो," ती म्हणाली.

"मंग लहानपणी काहून म्हणत होती, मी दिघोरीच्या मायची आहे म्हणून?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

ललितानं मान डोलावली. तिला ते पटलं. पटायला तिला फार वेळ लागला नाही. "मंग बरोबर आहे," ती म्हणाली. "मावशी होय ते. मावशी कायले येईन एवढ्या दूर? मी उगाच तिचा राग केला."

मग वाकलेल्या बोटांनी तिनं शकुनबाईचा दंड धरला, आणि पलीकडच्या ओट्यावर बसलेल्या बाईला हाक मारून म्हणाली, "काकू, हे पाहा. माही सख्खी माय होय."

ती बाई कौतुकानं हसली. शकुनबाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि खाली जमिनीकडे पाहत बसून राहिली.