संतोष नावाचा डबा

मी संतोष बोलतोय. नावावरून कुणी उंचापुरा गडी डोळ्यांपुढे आणाल, म्हणून आधीच सांगतो, मी पत्र्याचा डबा आहे. तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीचा. झाकणाला खाच, पोटावर नेलपॉलिशने काढलेले दोन डोळे आणि या कानापासून त्या कानापर्यंत लालभडक तोंड. कान काढायचे राहिलेत, पण हसू तिथवर गेलंय.

कारखान्यात माझ्यासारखे ढिगाने जन्मले. तिथलं काही आठवत नाही. आठवतं ते दुकान, आणि एका संध्याकाळी मला विकत घेणारा उबदार हात. त्या माणसानं मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारात ठेवलं, बेल दाबली आणि जिन्यावरून धूम ठोकली. पळताना तोंड दाबून हसत होता. तो कोण हे मला ठाऊक आहे. पण ज्यानं लपण्यासाठी एवढी पळापळ केली, त्याचं बिंग मी कशाला फोडू?

दार उघडलं माझ्या मालकिणीनं. कडेवर तान्ही मुलगी, डोळे रडून सुजलेले. बाळाला अंगावरचं दूध पुरेना आणि विकतचं परवडेना. मला छातीशी धरून ती उंबऱ्यावरच बसली, बराच वेळ.

मुलीनं बाळसं धरलं आणि मी रिकामा झालो. मालकिणीनं मला टाकलं नाही. घासूनपुसून, सुरी तापवून प्लास्टिकच्या झाकणाला खाच पाडली आणि म्हणाली, "हा देवाचा डबा." नवऱ्याची टेम्पोची कमाई नाहीतर तिच्या शिवणाची मजुरी हातात आली की पहिला वाटा माझ्यात. रविवारी तो चर्चमध्ये अर्पणाला जायचा.

माझ्या शेजारी फळीवर एक काचेची बरणी होती. अडीअडचणीला लागतील ते पैसे तिच्यात, म्हणून घरात तिला अडचणच म्हणायचे. मालकीण मनानं भारी भित्री. मुलगी शिंकली की हिला न्यूमोनिया दिसायचा, नवऱ्याला उशीर झाला की अपघात. त्यामुळे माझ्यात नोट टाकताना तिची बोटं गार पडायची. अर्धी नोट आत, अर्धी तिच्या चिमटीत, आणि सोडवेना. कधीकधी तर केसातली पिन घालून ती नोट परत ओढायची आणि बरणीत ठेवायची.

तिच्या सासूबाई, म्हणजे मुलीची आजी, पलंगावरून सगळं बघायच्या.

"देवाला देतेस की दाढ उपटून घेतेस?"

"तुम्हाला बोलायला काय जातंय? उद्या काही झालं तर?"

"होणारच. रोज उठून पैसे अडचणीत टाकतेस, आणखी काय होणार?"

मुलगी पाच वर्षांची झाली. एका रविवारी उपासनेहून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात.

"आई, संतोष कुठे राहतो?"

"कोण संतोष?"

"पाळकसाहेब म्हणाले ना, देवाला द्यायचं ते संतोषाने द्यायचं. मग तू कशाला देतेस? संतोषला देऊ दे की."

बाबांच्या नाकात चहा गेला. आजी म्हणाल्या, "पोर बरोबर बोलतेय. मी पण कधीची शोधतेय, आपल्या घरात संतोष दिसत नाही."

मालकीण हसली, पण शब्द कुठेतरी लागला. मुलीनं मात्र त्यावर उपाय काढला. आईची नेलपॉलिशची बाटली घेतली, मला मांडीवर आडवं पाडलं आणि डोळे, तोंड काढून फळीवर बसवलं. "हा घ्या संतोष. आता हाच देईल."

तेव्हापासून नोट टाकायला आली की मालकिणीला माझं ते वेडंवाकडं तोंड दिसायचं आणि हसू फुटायचं. हसता हसता चिमूट सैल व्हायची. अडचणीचं झाकण मात्र घट्टच. आता तिच्यात मुलीच्या शाळेची फी साठत होती.

खालच्या मजल्यावर एक इस्त्रीवाली राहायची. तिचा नवरा बांधकामावरून पडून पाय मोडून घरी बसला, आणि त्यातच तिला बाळ झालं. बाळाचं रडणं जिन्यातून आमच्यापर्यंत यायचं. मालकीण कपडे द्यायला गेली ती तशीच गाठोडं घेऊन परत आली.

"तिला दूधच येत नाहीये. डॉक्टरांनी डब्याचं सांगितलंय, आणणार कुठून?"

ती बरणीपुढे बसली. "फी नाही भरली तर शाळेत जागा जाईल," स्वतःशीच म्हणाली. खालून पुन्हा रडणं आलं.

तिनं मला उचललं. तोंड बघायला नाही. उलटा फिरवून माझ्या पाठीवरचं दुधाचं पुसट चित्र बघत राहिली.

"ह्याच्यातलं दूध कुणाच्या पोराच्या फीचं होतं, कुणास ठाऊक," ती म्हणाली आणि अडचणीचं झाकण फिरवलं.

दुकानातून मालकीण दोन नवे डबे घेऊन आली. मुलगी मला काखेत मारून तयारच होती, "संतोषाने द्यायचं" म्हणून. जिना उतरताना मालकीण पुटपुटत होती, "म्हणावं, जमेल तेव्हा परत कर. नको, बरं दिसत नाही. म्हणावं, आमच्याकडे जास्तीचे होते. छे, खोटं कशाला?" दारापाशी पोचली आणि पार अवघडली. समोरून दिलं तर ती बिचारी ओशाळी होईल. तिनं डबे खाली ठेवले, बेल दाबली, आणि पळाली.

एरवी कठडा धरून चढणारी ही बाई दोन-दोन पायऱ्या गाळत वर निघाली. मागून मुलगी ओरडत होती, "संतोषने दिलं, संतोषने दिलं." मालकीण पदर तोंडात कोंबून हसत होती. ते हसू मी लगेच ओळखलं. त्या पहिल्या संध्याकाळचंच होतं.

घरात शिरल्यावर कळलं, एक पाय अनवाणी आहे.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. इस्त्रीवाली दारात. खांद्यावर बाळ गाढ झोपलेलं, हातात चप्पल.

"ताई, तुमच्याकडे संतोष म्हणून कुणी राहतो का? काल त्याची चप्पल राहिली दारात." मग मालकिणीच्या पायांकडे बघून म्हणाली, "पाय मात्र बायकी आहे हो त्याचा."

मालकीण कानापर्यंत लाल झाली. मुलीनं मला पुढे केलं. "हा आमचा संतोष."

"अगं, ह्याला पाय कुठेत?"

"पळताना गळले."

इस्त्रीवाली हसत सुटली, हसता हसता डोळे पुसायला लागली आणि उंबऱ्यावरच बसली. मालकीण तिच्या शेजारी टेकली. ह्याच उंबऱ्यावर एके काळी ती एकटी बसली होती.

फीचं म्हणाल, तर शाळेनं दोन हप्ते करून दिले. बाबांनी टेम्पोच्या जादा फेऱ्या मारल्या, मालकिणीनं जास्तीचं शिवण घेतलं. दमछाक झाली, पण आभाळ कोसळलं नाही. मालकीण अजून भित्रीच आहे. शिंक आली की अजून दचकते. पण पिन आता केसातच असते. अडचणही भरतेय पुन्हा, हळूहळू. तिलाही मुलीनं तोंड काढून दिलंय.

खालच्या मजल्यावर बाळानं रिकाम्या केलेल्या एका डब्याला खाच पडली आहे. डोळे काढायला आमचीच मुलगी गेली होती. नावही संतोषच. एका जिन्यात दोन संतोष चालतात, म्हणे.

माझं बूड आता गंजलंय, झाकण सैल झालंय. एक दिवस भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. जाण्याआधी एवढंच मागतो. देताना नोटेचं दुसरं टोक सोडा. आम्हा डब्यांना ओढाताण सोसत नाही. हसून द्या, आणि जमलं तर पळून जा.

फक्त चप्पल घट्ट घालून जा.