कात्रीने कापलेली पट्टी

मित्रांनो, मी गोळ्यांची एक जुनी, मधोमध कापलेली पट्टी आहे. उटनूरच्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो. दहापैकी सहा गोळ्या अजून माझ्यात आहेत. चार गेल्या, त्यांचंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातला. मुरुमांवर मी रामबाण, अशी माझी कीर्ती! डॉक्टरांनी मला प्रगतीसाठी लिहून दिलं. सहा महिन्यांत तिचा चेहरा लख्ख झाला आणि मी केवढी फुशारले! पण शेवटची पट्टी, म्हणजे मी, उरली. औषध फेकायची या घरात रीतच नाही. "काऊन फेकतं? महागाची हाये, लागन कोनाले तरी," असं म्हणून तिच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, मला डब्यात टाकलं.

मग मी लागलेच. प्रगतीच्या वहिनीला, प्रीतीला, तिच्या माहेरच्या भावाच्या लग्नाआधी मुरुमं आली. प्रगतीने कात्री घेतली, माझे दोन तुकडे केले, एक वहिनीच्या हातात दिला, आणि दुसरा पुन्हा डब्यात टाकला.

"डाक्टरले इचारा लागते काय वं?" प्रीती म्हणाली.

"काय इचारता वैनी! मी सा मयने खाल्ल्या, मले काई झालं काय?"

प्रगतीचं लग्न झालेलं नव्हतं. प्रीतीला मात्र दिवस गेले होते, आणि ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

मित्रांनो, पोटात बाळ घडताना पेशी एकमेकींना निरोप धाडतात. निरोप नेणाऱ्या कणाला लिगंड म्हणतात. तो पेशीतल्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या कणाला, चिकटला की पेशीला कळतं, इथे कान घडवायचा, इथे हृदय. असा एक लिगंड गर्भ 'अ' जीवनसत्त्वापासून बनवतो, मोजका, हवा तिथेच. माझ्या गोळीपासूनही तोच बनतो. चार दिवस तो पंगतीत शंभर वाढपी घुसावेत तसा घुसला. कुणाच्या पानात काय पडलं, कुणाचा कुणाला मेळ नाही. कान घडायचे राहून गेले.

पाचव्या दिवशी प्रीतीला गोड बातमी कळली. तिने गोळ्या थांबवल्या, मी डब्यात परतले आणि घरात पेढे वाटले गेले.

पाचव्या महिन्यात मंचेरियलच्या डॉक्टरीणबाईंना सोनोग्राफीत बाळाचे कान दिसेनात. "सुरुवातीला कुठल्या गोळ्या घेतल्या होत्या?" त्यांनी विचारलं. प्रीती घरी आली ती थेट डब्याकडे. तिने माझे दोन्ही तुकडे जुळवले. डब्यातच राहिलेल्या तुकड्यावर पोटुशी बाईचं चित्र होतं आणि त्यावर लाल फुली.

प्रगतीने ती फुली पाहिली. "वैनी, मारा मले," ती रडत म्हणाली. प्रीतीने हात उचलला नाही.

आज माझे तुकडे टाचणीने जोडलेले आहेत. शेजारची कुणी उरलीसुरली गोळी मागायला आली की प्रीती डबा उघडते आणि मला दाखवते. मी औषधच होते हो, पण प्रगतीचं. एकीचं औषध दुसरीला देऊ नका, मित्रांनो, आणि माझ्यासारखीला कात्री लावू नका.

मला दाखवून झालं की प्रीती अंगणात जाते. "रश्मी! ये वं बाई!" ती हाक मारते. तिची दोन वर्षांची लेक रश्मी पाठमोरी मातीत खेळत असते, आणि खेळतच राहते.