नव्वद ग्रॅम बाभूळ

श्रीमंत पांचाळांच्या हातची तिफण शेतात मोडली असं मुखेड तालुक्यात कुणी सांगितलं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. ऐन पेरणीत औजार मोडलं की शिव्या खातो तो सुतार, आणि पांचाळांनी तीस वर्षांत अशी शिवी खाल्ली नव्हती. लाकूड वापरायचं ते बाभळीचं, तेही पाण्यात मुरवून सावलीत वाळवलेलं, हा त्यांचा शिरस्ता. आता पेरणी ट्रॅक्टरनं होते आणि पांचाळांच्या हाती दाराच्या चौकटी तेवढ्या उरल्यात. तरी चौकटसुद्धा ते अशी करतात, की जणू उद्या तिला बैल जुंपायचे आहेत.

अशा माणसाकडे त्यांच्या लेकीनं रायफलचं काम आणलं.

सृष्टी नांदेडला कॉलेजात शिकत होती आणि तिथल्या क्लबात छऱ्याच्या रायफलीनं दहा मीटरवरचा नेम साधत होती. क्लबाची रायफल जुनी, तिचा लाकडी दस्ता कुणा ठेंगण्या माणसाच्या बेतानं केलेला. सृष्टी पडली उंच, त्यात मान लांब. दस्त्यावर गाल टेकवावा तर मान वाकडी होई आणि मान सरळ ठेवावी तर गाल हवेत राही. तिनं पुठ्ठा बांधून पाहिला, झिजलेल्या चपलेचा तळ कापून चिकटवला, वरून सायकलची ट्यूब गुंडाळली. गुण वाढले, पण दहा-वीस नेम झाले की ट्यूब सरकायची आणि सगळं मुसळ केरात जायचं. परदेशी दस्त्याची किंमत ऐकल्यावर तो विषय तिनं घरी काढलाच नाही. लातूरच्या स्पर्धेत सहाशे पाच गुण मिळाले तर राज्याच्या शिबिरात जागा मिळणार होती. ज्युनियर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी वय उलटणार.

मग तिनं वहीच्या कागदावर तीन ठोकळे काढून वडिलांपुढे ठेवले. एक गालाखाली, एक खांद्याशी, एक डाव्या हाताखाली. क्लबाच्या दस्त्याला भोक पाडायचं नाही आणि तिन्ही ठोकळे मिळून अर्ध्या किलोच्या आत हवेत, असं तिनं दोनदा बजावलं. रायफल बरोबर पाच किलोची होती आणि साडेपाचच्या वर गेली तर खेळूच देत नाहीत. पांगऱ्याचं करा, हलकं असतं, असंही तिनं सुचवलं.

पांगरा! पांचाळांच्या लेखी ते लाकूड चुलीत घालायच्याही लायकीचं नव्हतं. पोर भिडेखातर हलक्यातलं मागते आहे, असं त्यांनी मनाशीच ठरवून टाकलं. माळ्यावर मुरलेल्या बाभळीचा एक तुकडा त्यांनी कित्येक वर्षं जपला होता, तो खाली काढला. चार दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. गालाच्या ठोकळ्यावरून तर त्यांनी काचेच्या तुकड्यानं इतका हात फिरवला, की त्यावर माशी घसरावी. सायकलच्या क्लिपांना आतून रबर लावून ते ठोकळे दस्त्याला आवळायची सोय केली. शेवटी किराणा दुकानाच्या काट्यावर तोललं. पाचशे नव्वद ग्रॅम भरलं. एवढ्या-तेवढ्याला कोण बघतंय, असं म्हणून त्यांनी लेकीला सांगितलं, की बसतंय मापात.

लातूरला सकाळी तपासणीच्या टेबलापाशी एक बाई एवढं-तेवढंच बघायला बसल्या होत्या. काट्यावर आकडा आला पाच किलो पाचशे नव्वद. बाईंनी शांतपणे सांगितलं, की हे उतरवून खेळा, नाहीतर पाऊण तासात वजन कमी करून पुन्हा दाखवा.

खिशातून पाना काढून सृष्टी क्लिपा ढिल्या करू लागली. ठोकळ्यांशिवाय ती आजवर पाचशे अठ्ठ्याण्णवच्या वर गेली नव्हती, हे बरोबर आलेल्या पांचाळांना माहीत होतं. बाईंना वाटलं असावं, पोरीनं हलगर्जीपणा केला. त्या तिच्याकडे तशाच नजरेनं बघत होत्या. ती नजर पांचाळांना सोसवेना.

"चूक हिची न्हाई, बाई," ते पुढे होऊन म्हणाले. "हिनं अर्धा किलो सांगितलं हुतं. जास्त भरलं ते मला ठाव हुतं. मीच हिला खोटं सांगितलं."

मग तिन्ही ठोकळे उपरण्यात गुंडाळून ते बाहेर पडले. समोरच्या रस्त्यावर एकजण सोफ्याचे सांगाडे ठोकत बसला होता. त्याच्याकडे त्यांनी ड्रिल आणि पटाशी मागितली. त्यानं गालाचा ठोकळा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एवढ्या सुरेख कामाला भोकं कशाला पाडता म्हणून विचारलं. पांचाळांनी ठोकळा त्याच्या हातातून घेतला आणि ड्रिल सुरू केलं.

भोकं आतल्या बाजूनं पाडायची, वरून काही दिसता कामा नये. खांद्याच्या ठोकळ्यात चार पाडली, हाताच्या ठोकळ्यात तीन. मुरलेली बाभूळ ती, ड्रिल कण्हायला लागलं. आपण केलेलं काम ते आपल्याच हातानं पोखरत होते, पण हात थांबला नाही. गालाच्या ठोकळ्यात मात्र घाई नडली. पातं आरपार गेलं आणि गुळगुळीत केलेल्या त्या बाजूवर रुपयाएवढं भोक पडलं. कानस मारून कड मऊ करावी तर घड्याळात दहा मिनिटं उरली होती. ठोकळे तसेच उचलून ते धावत परत आले. साठी जवळ आलेला माणूस रस्त्यातून उपरणं सांभाळत धावतो आहे, हे बघून दोन रिक्षावाले थांबले.

सृष्टीनं ठोकळे आवळले. पाच किलो चारशे शहाण्णव. बाईंनी रायफलवर शिक्का चिकटवला आणि पांचाळांचा जीव भांड्यात पडला.

साठ नेम आणि सव्वा तास. मागच्या बाकावर बसलेल्या पांचाळांना पडद्यावरच्या दशांशातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते फक्त तिच्या गालाकडे बघत होते. प्रत्येक नेमाला गाल त्या भोकावर टेकत होता आणि ती रायफल खाली घेई तेव्हा गालावरचा गोल वण जास्त जास्त लाल दिसत होता. एकदाही तिनं गालाला हात लावला नाही. शेवटचा नेम झाला आणि शेजारच्या कुणीतरी त्यांना सांगितलं, सहाशे पाच पूर्णांक चार.

ती बाहेर आली तेव्हा हसत होती. पांचाळांना मात्र तो वण बघवेना. पुढच्या खेपेला पांगऱ्याचंच करतो, असं ते खाली मान घालून म्हणाले.

"अप्पा, मला ठाव हुतं," सृष्टी म्हणाली. "ठोकळे लावून पहिल्या दिवशी रायफल उचलली तवाच कळलं, लई जड हाय."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी लई हौसेनं केलं हुतं."

पांचाळ बाकावर बसले. आपण पोरीशी खोटं बोललो याची लाज त्यांना सकाळपासून वाटतच होती. पण आपल्या कामाला नाव ठेवायचं धाडस तिला झालं नाही आणि तिनं शेवटचं वर्ष पणाला लावलं, हे त्याहून वाईट होतं. तीस वर्षांत कुणी शिवी दिली नाही याचा आपल्याला केवढा ताठा होता! कोण जाणे, आणखी किती लोक असेच गप्प बसले असतील. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी उपरण्यानं पुसले आणि कानावरची पेन्सिल आणि खिशातला कागद काढला.

"बस हितं," ते म्हणाले. "आता नावं ठेव. एकबी सोडू नको."

सृष्टीनं क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"गालापाशी दोन सूत जाड हाय," ती म्हणाली.

"हाव. म्होरं?"

ती सांगत गेली आणि पांचाळ लिहीत गेले. कागदाची एक बाजू भरली तेव्हा त्यांनी तो उलटला.