दगडाला झाली कावीळ

तम्मण्णा महाराजाच्या परातीतलं नितळ पाणी पिवळंधमक झालं आणि अख्ख्या मंडपानं हात जोडले. गर्दी एवढी, की माझी एक वहाण दारातच राहिली आणि दुसरी लोकांच्या पायांनी पार कडोली गावापर्यंत चालत गेली. महाराजाची दाढी अशी, की आत साळुंकीचं जोडपं पिल्लांसकट नांदत असावं.

"कावीळ उतरली! दवाखान्यातलं मशीन रोग नुसता दाखवतंय, आम्ही भाईर काढून परातीत ठेवतो!"

परातीत हात होते ऋतिकाचे. आमच्या शेजारच्या अक्काताईची ही सून, सातव्या महिन्यातली. डोळे हळदीसारखे, पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. गरोदरपणातली अशी कावीळ जीव घेते. तरी सकाळीच अक्काताई तिला बेळगावच्या दवाखान्यातून उठवून घेऊन आलती. कारण सलाईन लावताना करिष्मा नावाच्या शिकाऊ नर्सनं तिच्या एका हातातल्या ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या फटाफट फोडल्या. वर म्हणाली, "दागिने काढायचेच असतात, पुस्तकात आहे." पोरगी वडगावच्या विणकराच्या घरची. 'बांगडी फुटली' असं तोंडातून काढलं तर तिच्या आईनं तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं असतं. पण पांढरा गणवेश चढला, की घरचं शहाणपण खुंटीला टांगायचं, असा तिचा समज!

तेवढ्यात ऋतिकाला शोधत रिक्षातून नर्सिंगची शिक्षिका, रचना मॅडम, उतरली. मागं मान खाली घालून करिष्मा. मॅडमनं मलाच पुढं ढकललं.

"महाराज, या आजोबांचीपण उतरवा की."

महाराजानं माझ्या तळव्यांना तपकिरी, तुरट वासाचं 'तीर्थ' चोळलं, वर चुन्याची निवळी ओतली. पाणी पिवळं!

"लई मुरलेली हाय!"

"मुरलेली? अरं, आत्ता अर्धा कोंबडा खाऊन आलोय मी!"

मॅडमनं नारळ फोडायचा दगड ओढला. त्याच्या एका अंगाला तीर्थ चोळलं आणि निवळी ओतली. दगड पिवळा. दुसऱ्या अंगाला नुसतीच निवळी ओतली. तिथं पिवळेपणाचा ठिपकासुद्धा न्हाय.

"अगं बाई, दगडाला कावीळ!" मागून एक म्हातारी किंचाळली. "भरती करा त्येला!"

"दगडालाबी मागच्या जन्माचं पाप असतंय!" महाराज गरजला.

"पाप न्हवं, आंब्याच्या सालीचा रस," मॅडम म्हणाली. "त्यावर चुन्याचं पाणी पडलं की पिवळं होतं. हात कुणाचेही असोत. हिचा रोग आतच आहे, आणि वाढतोय."

मंडप हसून हसून वाकला. अक्काताई तेवढी हसली न्हाय.

"लबाड हाय त्यो, कळलं. पर तिकडं न्हाय यायची मी. ह्येनं निदान इचारून हात धरला, बांगडीला धक्का लावला न्हाय."

रोगातलं ओ की ठो न कळणाऱ्या त्या भामट्याला तेवढं मात्र पक्कं कळत होतं. त्यावरच तर त्याची दाढी वाढली होती.

मॅडम अक्काताईसमोर जमिनीवर बसली. "आक्का, चुकलं आमचं. मीच शिकवते हिला. सुई कशी धरायची ते शिकवलं, माणसाला विचारायचं कसं ते राहिलं. फोडायची गरजच नव्हती. बांगड्या वर सरकवून पट्टी गुंडाळली की झालं."

करिष्मा हळूच म्हणाली, "मावशी, घरात बांगड्या उरल्यात? तुम्ही भरा हिला. मग जाऊ."

"पिशवीतच हायत," अक्काताई म्हणाली आणि उठली.

रिक्षात तिनं सुनेला बांगड्या भरल्या. दवाखान्यात करिष्मानं त्या वर सरकवल्या, पट्टी गुंडाळली आणि अदबीनं विचारलं, "मावशी, सुई टोचू?"

"मला काय इचारतीस गं? हात तिचा हाय, तिला इचार!"

ऋतिका अंथरुणावरूनच हसली.

डॉक्टरांनी तिला नजरेखाली ठेवलं. ती उठून बसली. दिवस भरल्यावर पोर झालं, आणि त्याच्या पहिल्या रडण्यानं आमच्या गल्लीतली कौलं उडाली. माझं छप्पर तर अजून गळतंय.

महाराज आता निपाणीकडं दाढी घेऊन गेलाय म्हणतात. तिकडच्यांनो, परात दिसली की आधी साबण मागा, त्याचे हात धुवा, आपले धुवा, मग बघा काय उतरतंय ते! आणि दवाखान्यातल्या शहाण्यांनो, हात लावण्याआधी विचारत जा. बांगडी तुम्ही फोडता, आणि माणूस असल्या महाराजाच्या परातीपाशी जाऊन बसतो.